बिट तुटलं की आधी कॉलेट बघा

(पॉडकास्टच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी अर्धे जण म्हणतील, हा कोडिंगवाला माणूस मिलिंग मशीनच्या कॉलेटवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण गाव देवरी, आणि गावात बीटेक झालेला पोरगा म्हटलं की स्क्रीन असलेली कोणतीही वस्तू बिघडली तर फोन त्यालाच येतो. आता फर्निचरच्या दुकानात सीएनसी राउटर लागलेत. सागाच्या दारावर मोर कोरायचा, एमडीएफच्या जाळ्या कापायच्या, दुकानाच्या पाट्या करायच्या, सगळं त्यावर. हा राउटर म्हणजे शेवटी मिलिंग मशीनच, फक्त लाकडासाठी बनवलेलं आणि जास्त वेगानं फिरणारं. त्याला कॉम्प्युटर जोडलेला असतो, म्हणून बिट तुटलं तरी लोक म्हणतात, "भाऊ, फाइल गडबड आहे."

माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच फाइलच्या नव्हत्याच. अंगठ्याएवढ्या एका लोखंडी तुकड्याच्या होत्या.

एक उदाहरण सांगतो. सागाच्या दाराचा पल्ला, त्यावर वेलबुट्टी. खोली 5 मिलिमीटर ठरलेली. काम सुरू झालं तेव्हा खोली बरोबर होती, आणि दोन तासांनी पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला ती 7 मिलिमीटर भरली. पल्ला वाया. मालक म्हणतो, डिझायनरनं चुकीची फाइल दिली. डिझायनर म्हणतो, मशीनचा झेड सरकतो. आणि मशीनवर उभा असलेला आयटीआय झालेला पोरगा काहीच म्हणत नाही, कारण लाकडाचे पैसे त्याच्या पगारातून कापायची भाषा सुरू झालेली.

मी जी-कोड उघडला. जी-कोड म्हणजे मशीनला दिलेली हालचालींची यादी, साधा मजकूर असतो तो. त्यात झेडचे सगळे आकडे शोधले. सगळ्यात खोल आकडा उणे 5, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. म्हणजे फाइल सुटली. मग मशीनचा झेड परत शून्यावर नेऊन पाहिला, तोही जागेवर होता. उरलं काय? बिट. व्हर्नियर लावून नटच्या बाहेर बिट किती आलंय ते मोजलं. पोरानं बिट लावताना जेवढं बाहेर ठेवलं होतं त्यापेक्षा ते 2 मिलिमीटर जास्त बाहेर होतं. चालू कामात बिट हळूहळू खाली घसरत गेलं होतं.

असं का होतं? या कामाला जे स्पायरल बिट वापरतात त्याचे पीळ भुसा वर फेकतात. भुसा वर जातो, म्हणजे त्याच जोरानं बिट स्वतःला लाकडात खाली ओढतं. स्क्रू लाकडात जातो ना, तसंच. हे ओढणं थांबवणारी एकच गोष्ट असते, कॉलेटची पकड. तिथे कॉलेट होतं 7 मिलिमीटरचं आणि बिट 6 चं. कॉलेटवर "7-6" लिहिलेलं असतं, म्हणजे ते 7 पासून 6 पर्यंत आवळतं, त्यामुळे नियमात बसत होतं. पण अगदी शेवटच्या टोकावर. वर आतल्या भिंतीला सागाचा चिकट तपकिरी थर. 6 चं कॉलेट लावलं, सगळं पुसून घेतलं, पुढचा पल्ला नीट निघाला. पोराचा पगार वाचला. कॉलेट काही शे रुपयांचं असतं, सागाचा पल्ला किती रुपयांचा असतो ते तुम्ही घरी विचारा.

आता कॉलेट म्हणजे नेमकं काय ते बघू. ड्रिल मशीनचा चक तुम्ही पाहिला असेल, तीन जबडे असतात, चावीनं आवळतो. ते म्हणजे तीन बोटांनी काठी धरणं. कॉलेट म्हणजे मुठीत धरणं. ही एक पोलादी नळी असते, बाहेरून निमुळती, आणि दोन्ही बाजूंनी उभ्या चिरा पाडलेली. ही नळी तशाच निमुळत्या भोकात नट आवळून ढकलली की चिरा मिटतात आणि नळी चहूबाजूंनी बिटाच्या दांडीवर बसते. दांडीला शँक म्हणतात. नळीचा उतार प्रत्येक बाजूला फक्त 8 अंश असतो, म्हणून नट थोडासा फिरवला तरी पकड प्रचंड येते. कॉलेट, ते ज्यात बसतं तो होल्डर आणि वरचा नट, या तिघांना मिळून कॉलेट चक म्हणतात. राउटरमध्ये होल्डर वेगळा नसतो, निमुळतं भोक स्पिंडलच्या टोकातच असतं.

आज आपल्याकडे जे कॉलेट सर्रास दिसतं त्याला ईआर म्हणतात. 1970 च्या दशकात रेगो-फिक्स या स्विस कंपनीनं आणलं, त्यातला आर त्यांच्या नावाचा. पुढे त्याचं जर्मन मानक झालं, डीआयएन 6499, आणि मग आंतरराष्ट्रीय मानकही. मोबाइलच्या टाइप-सी चार्जरसारखं समजा, माप सगळ्यांना माहीत, म्हणून कुणाचंही कॉलेट कुणाच्याही मशीनला बसतं. ईआरच्या पुढचा आकडा म्हणजे निमुळत्या भोकाच्या तोंडाचा साधारण व्यास मिलिमीटरमध्ये. ऑनलाइन मिळणाऱ्या टेबलावरच्या छोट्या मशीनला बहुतेक ईआर-11, फर्निचरवाल्यांच्या स्पिंडलला ईआर-20 किंवा त्याच्या मागेपुढे, आणि लोखंड कापणाऱ्या मोठ्या मिलिंगला किंवा व्हीएमसीला ईआर-32, ईआर-40.

मापाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्या बाजारात इंच आणि मिलिमीटरची खिचडी आहे. ऑनलाइन जी स्वस्त बिटं मिळतात त्यांची शँक पुष्कळदा पाव इंची किंवा सव्वा सूत नाही, एक अष्टमांश इंची असते. एक अष्टमांश इंच म्हणजे 3.175 मिलिमीटर. पाव इंच म्हणजे 6.35. दिसायला 3 आणि 6 सारखीच. मग काय होतं, 6 च्या कॉलेटमध्ये 6.35 चं बिट जात नाही, म्हणून कुणीतरी चिरेत स्क्रू-ड्रायव्हर घालून कॉलेट फाकवतो आणि बिट ठोकून बसवतो. कॉलेट आवळण्यासाठी बनवलेलं असतं, फाकण्यासाठी नाही. एकदा फाकवलं की ते कायमचं वाकडं. कॉलेटवर लिहिलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा जाड शँक कधीच घालायची नाही. 6.35 ला 6.35 चंच घ्या, नाहीतर "7-6" वालं. आणि ईआर-11 घेताना लक्षात ठेवा, त्यातली कॉलेटं साधारण अर्धाच मिलिमीटर आवळतात, मोठी एक मिलिमीटर. सगळ्यात चांगली पकड आणि सरळपणा कॉलेटच्या मोठ्या आकड्यावरच मिळतो. 6 ला 6, 8 ला 8. मधलं माप नाइलाज असेल तेव्हा.

आता बसवण्याची पद्धत. एवढा एक मिनिटाचा भाग ऐकलात आणि बाकी सोडून दिलंत तरी चालेल.

कॉलेट आधी नटमध्ये बसवायचं. स्पिंडलमध्ये नाही. नटच्या आत एक कडी असते, ती मध्यापासून जरा सरकलेली. कॉलेटच्या तोंडाजवळ एक खाच असते. कॉलेट जरा तिरपं धरून खाचेची एक बाजू त्या कडीत अडकवायची आणि मग सरळ दाबायचं. "टक" असा आवाज येतो. तो आला की कॉलेट नटमध्ये लटकून राहतं, उलटं केलं तरी पडत नाही. मग त्यात बिट घालायचं आणि मग पूर्ण जोडी स्पिंडलवर हातानं फिरवून चढवायची.

बरेच जण काय करतात, कॉलेट आधी स्पिंडलच्या भोकात टाकतात आणि वरून नट आवळतात. तो आवळला जातो, बिट फिरतं, काम सुरू होतं, म्हणून वाटतं बरोबरच आहे. पण कडी खाचेत न बसता कॉलेटच्या तोंडावर एका बाजूनं दाबत असते. कॉलेट तिरपं बसतं, बिट डुलत फिरतं. शिवाय काम झाल्यावर नट सोडला तर नट हातात येतो आणि कॉलेट आतच अडकून बसतं, कारण त्याला बाहेर ओढायचं काम त्या कडीचंच होतं. मग लोक बिटाला पकडीनं धरून हिसकतात. पुढे काय होतं ते सांगायला नको.

बिट न घालता रिकामं कॉलेट आवळायचं नाही, आत धरायला काही नसलं की ते मापापेक्षा जास्त मिटतं आणि तसंच राहतं. शँक कॉलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत हवी. फक्त टोकाशी धरली तर कॉलेट पुढून घट्ट आणि मागून रिकामं होतं, हळूहळू तोंड कर्ण्यासारखं उघडतं. उलट, बिटाचे पीळ कॉलेटच्या आत जाऊ द्यायचे नाहीत. आणि बाहेर ठेवायचं तर गरजेपुरतंच. बिट दुप्पट लांब बाहेर ठेवलं तर तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. दुप्पट नाही, आठपट. फ्रेमिंगवाले लांब बिट लावून पातळ काम करतात आणि मग विचारतात, "काहून तुटते बाप्पा हे?"

तर आता त्या तुटण्याचं गणित. कारखान्यात म्हणतात, "आउट फिरतंय." म्हणजे बिटाचा मध्य आणि स्पिंडलचा मध्य एक नाही. इंग्रजीत त्याला रनआउट म्हणतात. समजा दोन धारेचं बारीक बिट आहे आणि मशीनचा वेग असा लावलाय की प्रत्येक धारेनं दर फेरीला 0.02 मिलिमीटर लाकूड घ्यावं. दोघी बहिणींनी काम अर्धं अर्धं वाटून घेतल्यासारखं. आता बिट 0.02 आउट आहे, म्हणजे डायलचा काटा फेरीत एकूण दोन घरं हलतो. तो आउट नेमका एका धारेच्या बाजूला आला तर ती धार घेते 0.04 आणि दुसरी घेते शून्य. एकटीवर दुप्पट भार, दुसरी नुसती घासत गरम होतेय. 0.02 मिलिमीटर म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांना दिसणार नाही, पण 1 किंवा 2 मिलिमीटरच्या बिटाला तेवढं पुरतं. तुम्ही वेग कमी करून बघता, बिटाची कंपनी बदलता, फाइलमध्ये पास वाढवता. बिघाड मात्र नटच्या आत बसलेला.

हे शोधायचं कसं? आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच. लागतं काय, एक लिव्हर डायल, चुंबकाचा स्टँड आणि एक डॉवेल पिन, म्हणजे ग्राइंड केलेली सरळ गोल पिन. बिटावर डायल लावू नका, पिळांवर काटा नुसता उड्या मारेल. मशीनची मेन वीज बंद करा, स्पिंडल हातानं फिरवा. पहिल्यांदा कॉलेट काढून निमुळत्या भोकाच्या आत डायल टेकवा. तिथेच काटा हलला तर भोकात घाण आहे किंवा स्पिंडलच गेला. तिथे शांत असेल तर कॉलेटमध्ये पिन लावून नटजवळ बघा, मग थोडं खाली बघा. आता नट सोडून कॉलेट अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. सगळ्यात उंच जागा कॉलेटबरोबर फिरली तर दोष कॉलेटचा. ती स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिली तर दोष स्पिंडलचा किंवा भोकाचा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर कुणाशी भांडायची गरज राहत नाही, काटा सगळ्यांना दिसतो.

स्वच्छतेबद्दल लोकांना वाटतं हा उपदेश आहे. जरा विचार करा, कॉलेट आणि भोक यांच्यामध्ये भुशाचा एक कण अडकला तर कॉलेट तेवढं एका बाजूला ढकललं जातं, आणि बिटाच्या टोकाशी हा तिरपेपणा आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक वेळी बिट बदलताना चार जागा पुसायच्या, कॉलेटचं बाहेरचं अंग, त्याचं आतलं भोक, स्पिंडलचं निमुळतं भोक आणि शँक. चिरांमधला भुसा ब्रशनं काढा. सागाचं तेल आणि एमडीएफमधला गोंद उष्णतेनं भाजून आत वार्निशसारखा बसतो, तो कोरड्या चिंधीनं निघत नाही. थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच, त्यात भिजवून पितळी ब्रशनं घासा. पॉलिश पेपर आणि कानस लांब ठेवा. घासून चकचकीत झालेलं कॉलेट म्हणजे माप गेलेलं कॉलेट.

तेलाचा गोंधळ फार होतो. इकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पोलाद दोन दिवसांत तांबूस होतं. म्हणून ठेवताना कॉलेटला तेलाचा हलका हात हवाच. पण वापरायच्या आधी ते तेल पूर्ण पुसायचं. आतल्या भोकात तेल राहिलं की पकड घसरली. आणि रात्री दुकान बंद करताना बिट आणि कॉलेट स्पिंडलमध्ये तसंच सोडून जाऊ नका. दिवसभर तापलेला स्पिंडल थंड होतो, दमट हवेत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना गंजून चिकटतात. पाच मिनिटं लागतात काढून डब्यात ठेवायला.

आवळायचं किती? याचं उत्तर "फुल टाइट" असं मिळतं. उत्पादकांच्या तक्त्यांत ईआर-32 च्या मोठ्या कॉलेटला साधारण 136 न्यूटन-मीटर हा आकडा येतो. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला 45 किलोच्या आसपासचा जोर. ईआर-11 ला मात्र तो 24 च्या आसपास, आणि बारीक शँकच्या कॉलेटला त्याहून कमी. म्हणजे मोठ्या मिलिंगवर हात हलका पडतो आणि छोट्या मशीनवर जड पडतो, नेमकं उलट. पान्याला पाइप लावून आवळलं तर कॉलेट पिळतं आणि नटचे आटे जातात. राउटरच्या स्पिंडलला दोन पाने लागतात, एक स्पिंडलला, एक नटला. दोन्हींच्या दांड्या जवळ आणून एकाच मुठीत दाबा, म्हणजे जोर दोघांच्या मध्येच राहतो, स्पिंडलच्या बेअरिंगवर जात नाही. हातोडी मारणाऱ्यांनी बेअरिंगची किंमत एकदा विचारून यावी.

आणि पाना नटवर विसरू नका. 24,000 फेऱ्यांनी फिरणाऱ्या स्पिंडलवर पाना राहिला तर तो कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधून मशीनवर वाकणारे मी पाहिलेत. दुपट्टा काढा, चष्मा लावा. कार्बाइडचं बिट तुटतं तेव्हा ते काचेसारखं उडतं.

जे आयटीआयला मशीनिस्ट किंवा टर्नर करतायत त्यांच्यासाठी थोडं. लोखंडावर हेच सगळं लागू होतं, फक्त जोर कितीतरी मोठे. तिथे कॉलेट चक स्वतः एका मोठ्या निमुळत्या भोकात बसतो आणि मागून ड्रॉबारनं ओढला जातो, म्हणून पुसायच्या जागेत ते भोकही आलं. एंडमिल ड्रिल चकमध्ये लावून मिलिंग करायचं नाही, गुरुजी नसताना मुलं हे करतात. ड्रिलला वरून खाली जोर असतो, चक त्यासाठी आहे. मिलिंगमध्ये जोर बाजूनं येतो आणि दर धारेला धक्के बसतात. जबड्यांतून कटर सुटतो, किंवा साध्या टेपरवर अडकवलेला चकच हादऱ्यांनी खाली येतो.

कॉलेट टाकून कधी द्यायचं, हा प्रश्न मागच्या आठवड्यात एकानं मेसेज करून विचारला होता. काही उत्पादक 400 ते 600 तासांच्या वापरानंतर बदला म्हणतात. कुणी तास मोजत नाही, मला माहीत आहे. मग खुणा बघा. शँकवर काळपट-तपकिरी वळी उमटताहेत, म्हणजे बिट आत सूक्ष्म घसरतंय. कॉलेटचं तोंड मागच्या भागापेक्षा सैल लागतंय, चिरांच्या टोकाला बारीक तडा दिसतोय, नव्या पिनवर डायल हलतोय. यातलं एक जरी दिसलं तरी ते कॉलेट खोक्यात परत ठेवू नका, कारण घाईच्या दिवशी कुणीतरी तेच उचलेल. सरळ भंगारात. आणि नटही तपासा. कडी एका बाजूनं चेपलेली असेल तर नवीन कॉलेटही तिरपंच बसणार, लोक चार कॉलेटं बदलतात आणि नट तोच ठेवतात.

शेवटचा प्रश्न, पूर्ण सेट घ्यावा का? ईआर-20 चा तेरा-चौदा नगांचा सेट ऑनलाइन स्वस्तात दिसतो. मी तरी घेणार नाही. तुमच्या दुकानात शँका किती मापांच्या आहेत ते बघा, बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. त्याच मापांची चांगल्या दर्जाची कॉलेटं घ्या, आणि रोजच्या मापाची एक जोडी जास्त. आपण नागपूर आणि रायपूरच्या मधोमध महामार्गावर आहोत, ट्रक रोज हजार जातात पण कॉलेट गावात मिळत नाही. कुरिअर येईपर्यंत चार दिवस मशीन बंद. उरलेल्या पैशांत एक लिव्हर डायल आणि 6 ची डॉवेल पिन येते. आल्यावर पहिलं मोजमाप कागदावर लिहून मशीनच्या पॅनलला आतून चिकटवा, तारखेसकट.